एका पाण्याचं धुणं

शुक्रवार, ९ जानेवारी

‘प्रिय’ लिहायची सोय आपल्यात उरलेली नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

फोनवर आपलं तिसरं वाक्य भांडणाचं असतं आणि भिंगरी दाराआडून सगळं ऐकते. त्यामुळे यापुढे जे काही सांगायचं ते लिहून, तिच्या कपड्यांच्या पिशवीत. शुक्रवारी ती तुझ्याकडे येताना माझं पत्र, रविवारी परत येताना तुझं. पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेव, तिच्या हाताला लागेल असं नको.

मागच्या रविवारी पिशवी उघडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा निळा लोकरीचा स्वेटर! आठ वर्षांच्या मुलीचा पाठवला होता, आला तो बाहुलीचा. आखडलेला, जाड, पायपुसण्यासारखा. उकळत्या पाण्यात टाकलास, की ग्रीस लागलेल्या कामाच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गरगरवलास? दहा-दहा मजल्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतोस आणि एक स्वेटर धुता येत नाही?

दुसरं. तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लाल चट्टे आलेत. सारखी खाजवते. तुझ्याकडून आली की सोमवारी जास्तच. तो तुझा सुवासिक निळा द्रव आधी बंद कर. वास छान आला म्हणजे कपडा स्वच्छ झाला असं नसतं. तो वास नाल्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत भरून माझ्या टेबलावर येतो. पाणी तपासणं हे माझं पोट आहे; फेस कुठून येतो ते मला कुणी शिकवायला नको.

मागच्या महिन्यात तुला बरणी दिली होती, ती उघडलीस तरी का? घरी केलेली पावडर आहे. साबणाचा कीस आणि धुण्याचा सोडा. ना वास, ना रंग. सगळ्या कपड्यांना हीच वापरायची. पाणी थंडच घ्यायचं, उगाच वीज जाळायची नाही. एकदाच खळबळायचं, दोन-दोन पाण्यांची चैन नको. सुती कपडे उन्हात, रेशमी फ्रॉक उलटा करून सावलीत. लोकर पिळायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरायची, टांगलीस तर लोंबेल. लाल जाकीट प्लॅस्टिकच्या धाग्याचं आहे, ते धूच नकोस, डाग पडला तर तेवढाच पूस.

समजलं नाही तर विचार. विचारायची तुला सवय नाही, हे ठाऊक आहे.

भिंगरीची आई


रविवार, ११ जानेवारी

जलपरीक्षक बाईसाहेब,

आज्ञापत्र पोचलं. आता माझंही ऐका.

मशीन? कुठलं मशीन? ते तुझ्याकडे राहिलं. मी दोन बॅगा घेऊन बाहेर पडलो, त्यांत मशीन मावत नव्हतं. माझ्या न्हाणीघरात एक बादली आणि एक टब आहे. त्या टबासमोर उकिडवा बसून मी माझ्या मुलीचे कपडे धुतो. माझे कामाचे कपडे कामावरच धुतले जातात, ते या घरात येतच नाहीत. आणि तो निळा द्रव तुझ्या आवडीचा होता, माझ्या नव्हे. त्या वासाने मला शिंका यायच्या. आठवतंय का?

तुझी बरणी पहिल्या दिवसापासून वापरतोय. तळाशी बोटभर उरली आहे, दुसरी पाठव. स्वेटर थंड पाण्यात धुतला, तुझ्या पावडरीत, हाताने. बरणी देताना तू सांगितलंस तसा. तरी आखडला. का आखडला ते तुलाच माहीत असायला हवं, तुझी पावडर, तुझे नियम.

आणि चट्टे. भिंगरी शुक्रवारी दारात उभी राहिली तेव्हाच मान खाजवत होती. अजून जाकीटही काढलं नव्हतं. म्हणजे माझ्या घरात पाऊल टाकायच्या आधीपासून ते तिच्या अंगावर होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

शनिवारी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घातले. तिने उरलेले सगळे चिमटे माझ्या कानांना लावले आणि म्हणाली, “आता बाबा वाळेपर्यंत हलायचं नाही.” मी हललो नाही. हे तुला सांगायचं कारण नव्हतं, पण पत्रात सगळंच वाईट लिहवेना.

बाबा


शुक्रवार, १६ जानेवारी

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

म्हणे माझ्या घरातून चट्टे घेऊन आली. माझ्या घरात वासाचं काही नाही, रंगाचं काही नाही. पिवळा स्वेटर बघ तिचा, इथेच असतो, आजही नव्यासारखा मऊ आहे. मग तुझ्याच हातात गेलेली लोकर का मरते?

आता रेशमी फ्रॉकही गेला. शाळेच्या कार्यक्रमासाठी घेतलेला. त्याची झळाळी पार उतरली आहे, हात लावला की कागदासारखा कोरडा लागतो. ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “हा म्हातारा झाला का गं?” काय सांगायचं मी तिला?

तुला वाटतं हे माझं खूळ आहे. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून बाई नाल्याशी संसार करायला लागली, असं तू तुझ्या मित्राला म्हणालास. आलं माझ्या कानावर. तर ऐक. मध्यंतरी एका सुट्टीत मी भिंगरीला कामावर नेलं होतं. नाल्याच्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला आणि तिला म्हटलं, बघ. तिला दिसला एक लाल धागा, केसाहून बारीक. ती म्हणाली, “आई, हा माझ्या जाकिटाचा आहे का?” असेल. तिच्याच कशाला, शेकडो मुलांच्या जाकिटांचे असतील. ते पाणी पुढे शेतात जातं, माशांच्या पोटात जातं. त्या दिवसापासून मी घरात बाजारचा साबण आणला नाही. हे खूळ असेल तर असू दे.

पण तुझ्यावर माझा विश्वास नाही. तू तोंडाने हो म्हणतोस आणि करायचं तेच करतोस, अकरा वर्षं मी हेच पाहिलं. म्हणून या वेळी कपडे खळबळल्यावर शेवटचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून पाठव. मी तपासणार आहे. पाणी खोटं बोलत नाही.

आई


रविवार, १८ जानेवारी

बाटली पिशवीत आहे, झाकण घट्ट लावलंय.

मला पाण्यात पाहायची तुझी जुनीच सवय. आता बाटलीत पाहा.

अकरा वर्षांत मी काय केलं ते काढलंसच, तर तू काय केलंस तेही ऐक. आपल्या घरात कधी काही ठरलं नाही, फक्त जाहीर झालं. भाजी कुठली, पडदे कुठले, मूल कुठल्या शाळेत, सगळं जाहीर. मी तोंड उघडलं की ‘तुला काय कळतं’, गप्प बसलो की ‘तू बोलतच नाहीस’. शेवटी मला गप्प बसणंच स्वस्त पडायला लागलं.

मित्राला म्हणालो ते म्हणालो. नाकारत नाही. पण भिंगाची गोष्ट तू मला कधी सांगितली होतीस? सांगितली असतीस तर म्हणालो नसतो. मला फक्त नियम आले, कारण आलं नाही.

एक अट आहे. माझ्या बाटलीशेजारी तुझ्या धुण्याचं पाणीही ठेव आणि दोन्ही एकाच वेळी तपास. जे येईल ते लिहून कळव. मान्य आहे ना? पाणी खोटं बोलत नाही म्हणतेस, मग तुझंही बोलणार नाही.

बाबा


गुरुवार, २२ जानेवारी

पत्र पोस्टाने पाठवते आहे, कारण उद्या पिशवी येणार नाही. भिंगरीही येणार नाही.

तिच्या अंगावरचे चट्टे वाढलेत. ते पूर्ण बरे होईपर्यंत तिचं तुझ्याकडे येणं बंद. तुझ्या घरात तिच्या कपड्यांची आणि तब्येतीची काळजी घेतली जात नाही, असा अर्ज मी वकीलबाईंमार्फत सोमवारी दिला आहे. त्याची प्रत तुला मिळेल. शाळेत किंवा घराखाली येऊन तमाशा करू नकोस.

आई


सोमवार, २६ जानेवारी

काळजी घेतली जात नाही?

प्रत मिळाली. तीनदा वाचली. ‘पित्याच्या निवासस्थानी अस्वच्छता.’ हे निवासस्थान तू पाहिलं आहेस का? एकदाही दारात आली नाहीस. खालीच रिक्षा थांबवतेस आणि हॉर्न वाजवायला लावतेस. माझी फरशी चाटून पुसून स्वच्छ असते, कारण शुक्रवारी माझी मुलगी येते. आठवड्यातले पाच दिवस मी त्या दोन दिवसांसाठी जगतो, आणि तू एका सहीने ते उडवलेस!

शनिवारी सकाळी मी तिच्यासाठी नेहमीसारखं दूध आणलं. दारातून आत आलो आणि ते हातात तसंच धरून उभा राहिलो. कुणाला द्यायचं होतं?

आणि एवढ्या लांब अर्जात, एवढ्या तोऱ्याच्या पत्रात बाटलीबद्दल एक अक्षर नाही. माझ्या पाण्यात विष सापडलं असतं तर तू ते अर्जाला जोडलं असतंस, फ्रेम करून पाठवलं असतंस. तू स्वतःला ओळखत नसशील, मी ओळखतो. काय निघालं त्या पाण्यात? आणि तुझ्या पाण्यात?

लिही. या पत्राला उत्तर हवंय.

बाबा


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं नाही. हे पत्र मी स्वतः तुझ्या इमारतीच्या पेटीत टाकतोय. वर येत नाही, कारण आलो तर आज खरोखरच तमाशा होईल.

हो, मी शाळेसमोर गेलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. घंटा झाली, मुलं सुटली, आणि आपली मुलगी हातमोजे घालून बाहेर आली. बाकीच्या पोरांचे हात उघडे होते. मी रस्ता ओलांडला. तिने मला पाहिलं, पळत आली आणि दोन पावलांवर थांबली.

म्हटलं, “हात दाखव.”

“नको.”

“भिंगरी, दाखव.”

मोजा काढताना तिने ओठ दाबून धरला होता. बोटांमधली कातडी फाटली आहे. मनगटाभोवती रक्त सुकलं आहे. मानेवर, गुडघ्यांमागे, सगळीकडे. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणते, “आईने सांगितलंय, बाबांना सांगू नको.”

दोन शनिवार ती माझ्याकडे नाही. माझी बादली नाही, माझा टब नाही, माझे ‘अस्वच्छ’ हात नाहीत. फक्त तुझं घर, तुझं धुणं आणि तू. आणि ती तीन आठवड्यांपूर्वी होती त्यापेक्षा दुप्पट सोलवटली आहे!

तुला माहीत होतं. बाटली तपासलीस त्याच दिवशी तुला कळलं होतं, आणि तरी तू तो अर्ज तसाच ठेवलास. माझ्याशी काय भांडायचं ते भांड. पण ‘बाबांना सांगू नको’? आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप घालतेस?

उद्या तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे ने. नेलं नाहीस तर मी नेईन, आणि मला अडवायला वकीलबाई, पोलीस, कुणालाही बोलाव.

बाबा


रविवार, ८ फेब्रुवारी

नेलं. काल सकाळी.

डॉक्टरांनी भिंगाने हात पाहिले आणि विचारलं, “हिचे कपडे धुतं कोण?” मी म्हटलं, “दोघंही, आपापल्या घरी.” भिंगरी मध्येच म्हणाली, “पण पावडर आईची आहे.” डॉक्टरांनी पावडर कशाची ते विचारलं. मी सांगितलं. ते मान हलवून लिहीत राहिले. मला वाटलं, ओरडावं यांनी माझ्यावर. नाही ओरडले.

तुझा अंदाज बरोबर आहे. बुधवारी, एकवीस तारखेला दोन्ही पाणी तपासली. तुझ्या पाण्यात सोडा भरपूर उतरला होता. माझ्या पाण्यात त्याहून जास्त होता. मी मशीन गच्च भरते, थंड पाणी घेते आणि एकदाच खळबळते. सोडा थंड पाण्यात नीट विरघळत नाही, एका पाण्यात निघून जात नाही. तो धाग्यात बसतो. मुलगी तेच कपडे घालते, त्याच चादरीवर झोपते. घाम आला की तो कातडीवर उतरतो. सुती चादरीला सोडा चालतो, पण पुढे तीन पाणी लागतात. लोकर आणि रेशीम ही प्राण्यापासून आलेली, आपल्या केसांसारखी, त्यांना तो खातो. म्हणून तुझा स्वेटर आखडला आणि फ्रॉक म्हातारा झाला. माझा पिवळा स्वेटर मऊ राहिला, कारण मी या थंडीत तो धुतलाच नव्हता, नुसता वाऱ्यावर टाकत होते. ते तुला सांगितलं नाही.

रोज दुसऱ्यांचं पाणी सोड्यासाठी तपासते मी. घरातल्या बादलीत एकदाही तपासायची पट्टी बुडवली नाही. का? कारण ती पावडर माझी होती. मी केलेली चूक असूच शकत नाही, अशा थाटात मी किती वर्षं जगले आहे, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

गुरुवारी तुला पत्र लिहिलं तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. अर्ज सोमवारीच गेला होता. मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं. पावडर त्याच दिवशी फेकली आणि मनाला समजावलं, आता चट्टे आपोआप जातील, मग कुणाला काही सांगायलाच नको. पण कपाटातले सगळे कपडे तेच होते, चादरी त्याच, मोजेही तेच. ती रोज नव्याने भाजत होती आणि मी तिला म्हणत होते, बाबांना सांगू नको.

माझ्या हातांना काही झालं नाही. मशीन धुतं ना. मला वाटत राहतं, जरा जरी झालं असतं तरी कळलं असतं.

आई


मंगळवार, १० फेब्रुवारी

पत्र वाचून खिडकीच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली नाही, मूठ सुजली. हे शौर्य म्हणून सांगत नाही, अक्षर वाकडं का आलंय ते कळावं म्हणून सांगतोय.

तुझ्यावर किती संतापलो आहे ते लिहायला कागद पुरणार नाही. चुकीचा राग नाही, चुका मीही करतो. चूक कळल्यावर तू माझी मुलगी तिच्या बापापासून लपवलीस, त्याचा आहे. तो जाईल की नाही, माहीत नाही.

पण तुझं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहावं लागतंय. माझ्या हातांना झालं होतं.

तुझी पावडर वापरायला लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात तळवे चुरचुरायला लागले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मला वाटलं कामाचं तेल असेल. मग सुट्टीतही होऊ लागलं, तेव्हा कळलं की पावडरच आहे. मी काय केलं? कामावरचे रबरी हातमोजे आणले आणि ते घालून धुवायला लागलो. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू लिहिलं असतंस, ‘नाचता येईना, अंगण वाकडं’. ते ऐकण्यापेक्षा मोजे बरे, असा हिशेब केला मी. ‘दुसरी बरणी पाठव’ असंही वर लिहिलं, तुझ्या नियमांत कुठे चुकलो असं तुला म्हणता येऊ नये म्हणून.

पुढचा विचार डोक्यात आलाच नाही. माझे हात वाचले, ती अंगात घालणार होती.

तिची औषधं कुठली, किती वेळा लावायची, ते कळव. आणि माझे तीन शनिवार परत दे.

बाबा


शुक्रवार, २० फेब्रुवारी

मोजे घातलेस!

बसून वाचत होते, उठून उभी राहिले. स्वतःचे हात झाकून त्याच पाण्यातले कपडे मुलीच्या अंगावर चढवलेस, का, तर माझं एक टोचणारं वाक्य ऐकावं लागू नये म्हणून! एवढी मी भयंकर आहे? दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण रोज लिहायला घेत होते आणि रोज शिव्याच उतरत होत्या. काही शिव्या तुला होत्या. सगळ्या नव्हत्या.

कपाटातला प्रत्येक कपडा कोमट पाण्यातून काढला, पाणी निर्मळ होईपर्यंत. किती पाणी गेलं ते मोजलं नाही. शेवटची पाणी फरशीला आणि संडासाला वापरली, तेवढं तरी. आता बिनवासाचा साधा द्रव साबण आणला आहे, लोकर-रेशमाला चालतो असा, घरी आणल्या आणल्या पट्टी बुडवून पाहिला. झाकणाच्या अर्ध्यावर जायचं नाही आणि दोनदा खळबळायचं. पाणी वाचवायचं ते कमी वेळा धुऊन. स्वेटर एकदा घातला की लगेच धुवायचा नाही, रात्रभर वाऱ्यावर टाकायचा. लाल जाकिटाचे धागे पाण्यात जाऊ नयेत म्हणून मी त्याला बारीक विणीची पिशवी शिवली आहे, धुवायची वेळ आलीच तर त्यात घालून, थंड पाण्यात. हे नियम आहेत, पण या वेळी कारणं लिहिली आहेत. चुकत असेल तर लगेच लिही. गप्प बसलास तर मी तुझ्या दारात येऊन बसेन.

मलम सकाळ-संध्याकाळ, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. बोटांमधल्या भेगा मिटल्या आहेत. मानेवर नवी कातडी आली आहे, गुलाबी. काल ती शाळेत मोज्यांशिवाय गेली. आज संध्याकाळी ती तुझ्याकडे येईल आणि पुढचा शुक्रवार येईपर्यंत तिथेच राहील. शाळेत तूच सोड, तूच आण. त्यापुढचाही आठवडा तुझा.

वकीलबाईंकडे जाऊन अर्ज मागे घेतला. कारण विचारलं, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “घ्या मागे, पण हे कुठे लिहून देऊ नका. कागदावर आलं की उद्या तुमच्यावरच उलटेल. मुलगी जाईल हातची.” भल्यासाठीच सांगितलं त्यांनी.

तर लिहून देते. भिंगरीच्या अंगावर जे उठलं ते मी केलेल्या पावडरीने उठलं. तिच्या बापाच्या घरात अस्वच्छता नव्हती. ते घर मी न पाहताच अर्जात तसं लिहिलं. खरं काय ते कळल्यावरही मी तिला त्याच्यापासून तोडून ठेवलं आणि तिला खोटं बोलायला लावलं. पत्राच्या मागच्या बाजूला पूर्ण नावाने सही केली आहे, तारीख घातली आहे. जपून ठेव. पुन्हा कधी मी तुझा शनिवार तोडायला निघाले, तर हा कागद न्यायाधीशांसमोर ठेव.

माफी मागत नाही, कारण तू ‘ठीक आहे’ म्हणशील आणि पुन्हा गप्प बसशील. मला ते नको आहे. राग अजून आहे, तुझ्यावरही आहे. तूही ठेव.

ती माझ्या घराखाली रिक्षात बसली आहे. आज तुझ्या दाराशी हॉर्न वाजणार नाही. मीच तिला घेऊन वर येते आहे.